पॅराशूट न उघडण्याचे विनोद: मरणावर हसणं आणि मेलेल्यावर हसणं

विमानातून उडी मारायला पॅराशूट लागत नाही. पॅराशूट लागतं ते दुसऱ्यांदा उडी मारायला. स्कायडायव्हिंग करणाऱ्यांमध्ये हा विनोद कित्येक वर्षं फिरतोय. दुसराही तितकाच जुना आहे: पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर खचू नका, फक्त स्कायडायव्हिंगच्या वाटेला जाऊ नका. ऐकल्यावर बहुतेकांना हसू येतं आणि त्यात वावगं काहीच नाही. आता हाच विनोद, कालच अशा अपघातात गेलेल्या एखाद्या मुलीच्या भावासमोर कुणी सांगितला अशी कल्पना करा. शब्द तेच, क्रम तोच, पण आता त्याला विनोद म्हणवत नाही.

असं का होतं? 'मरणावर विनोद करूच नये' हे एक उत्तर आहे आणि 'विनोदाला कुठलीच बंधनं नकोत' हे दुसरं. मला दोन्ही आळशी वाटतात. त्यांच्यामुळे विचार करायची गरजच उरत नाही. या लेखात मी थोडा लांबचा रस्ता घेणार आहे. उडी नेमकी कशी असते, माणसं त्यात कशामुळे मरतात, मृत्यूच्या सर्वांत जवळ असणारे लोक त्यावर कसे हसतात आणि बाहेरचे कसे हसतात, हे आधी पाहू. माझी कसोटी आत्ताच सांगून ठेवतो: विनोद ऐकल्यावर अपघाताचं कारण जास्त स्पष्ट दिसतं की झाकलं जातं?

उडीत काय काय घडतं

उडी साधारणपणे १३ ते १४ हजार फुटांवरून, म्हणजे चार किलोमीटर किंवा त्याहून थोड्या जास्त उंचीवरून मारतात. पहिल्या दहा-बारा सेकंदांत वेग वाढत जातो. मग हवेचा विरोध शरीराच्या वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. पोट जमिनीकडे करून, हातपाय पसरून पडणारा माणूस तासाला १९० ते २०० किलोमीटरच्या वेगावर स्थिर होतो. जवळपास मिनिटभर असं पडल्यावर, जमीन तीनएक हजार फुटांवर आली की तो मुख्य पॅराशूट उघडतो.

पाठीवरच्या त्याच पिशवीत दुसरं, राखीव पॅराशूट असतं. मुख्य पॅराशूटची घडी माणूस स्वतः घालू शकतो. राखीवची घडी मात्र परवानाधारक रिगर, म्हणजे पॅराशूट बांधण्या-तपासण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूसच घालतो. अमेरिकेत ते दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधावं लागतं. मुख्य पॅराशूटच्या दोऱ्या गुंतल्या किंवा ते गरागरा फिरू लागलं, तर उजवीकडची मूठ ओढून ते अंगापासून तोडायचं आणि डावीकडची मूठ ओढून राखीव उघडायचं. पूर्वी हे तोडणं किचकट होतं. १९७०च्या दशकात बिल बूथ या अमेरिकी स्कायडायव्हरने तीन कड्यांची एक रचना केली. त्यात एकात एक अडकवलेल्या कड्यांमुळे पॅराशूटचा सगळा ताण विभागला जातो आणि शेवटी एका बारीक दोरीच्या फासावर येतो. मूठ ओढली की फास सुटतो आणि पॅराशूट दोन्ही खांद्यांवरून एकदम मोकळं होतं. आजही बहुतेक सगळे स्कायडायव्हर हीच रचना वापरतात.

आणि माणूस बेशुद्ध झाला, किंवा गोंधळून उंचीचं भान हरवून बसला तर? त्यासाठी पिशवीत एक छोटं यंत्र असतं. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. साधारण ७५० फुटांवर माणूस अजूनही सुसाट पडतोय असं दिसलं की ते राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. यातलं सर्वांत प्रसिद्ध यंत्र 'सायप्रेस' १९९१ मध्ये बाजारात आलं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी ते बनवलं आणि त्या कामाला ते लागले ते एका मित्राच्या मृत्यूनंतर. या खेळातली बरीच साधनं आणि नियम असेच कुणाच्या तरी मृत्यूतून आलेले आहेत, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात असू द्या.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९७०च्या दशकात एकट्या अमेरिकेत या खेळात वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त माणसं मरत होती. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये तिथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. २०२४ मध्ये सुमारे ३८ लाख ८० हजार उड्यांत ९. म्हणजे ढोबळमानाने चार लाख उड्यांमागे एक मृत्यू.

आता विनोद आणि वास्तव यांची फारकत कुठे होते ते बघा. विनोदात पॅराशूट नेहमी 'उघडत नाही'. प्रत्यक्षात गेल्या काही दशकांतल्या मृत्यूंचा मोठा वाटा पूर्ण उघडलेल्या, धडधाकट पॅराशूटखाली झालेला आहे. आजचं पॅराशूट गोल छत्रीसारखं नसतं. ते हवा भरून फुगणारं, पंखाच्या आकाराचं कापड असतं आणि ते वळवता येतं. वळवलं की ते सूर मारतं, वेग वाढतो, आणि पुन्हा सरळ व्हायला त्याला उंची लागते. जमिनीजवळ मुद्दाम असा सूर मारून गवताला घासत वेगाने उतरण्याला स्वूपिंग म्हणतात. दिसायला ते फार देखणं असतं. वळण जरा खाली घेतलं गेलं, तर माणूस पॅराशूटसकट त्याच वेगाने जमिनीवर आपटतो. काही जण स्वूपिंग करतही नसतात. शेवटच्या क्षणी समोर झाड किंवा दुसरा माणूस दिसतो, हात दचकून एका बाजूला ओढला जातो आणि तेच घडतं.

'पॅराशूट उघडलं नाही' हे इतकं सोपं आणि चित्रमय आहे की खरं कारण त्यामागे दडून जातं. नवखा माणूस भलत्याच गोष्टीला घाबरतो, आणि जिथे घाबरायला हवं तिथे, पॅराशूट उघडल्यावर, 'आता सुटलो' म्हणत सैल पडतो.

जे रोज उडी मारतात, त्यांचे विनोद

ड्रॉप झोनवर, म्हणजे जिथून विमानं सुटतात आणि जिथे माणसं उतरतात त्या मैदानावर, मृत्यूबद्दल बेधडक बोललं जातं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा ते क्रूर वाटतं. जरा थांबून ऐकलं तर त्या विनोदांच्या पोटात बरंच काही सापडतं.

नवशिक्या शिक्षकाला विचारतो, "मुख्य पॅराशूट बिघडलं तर राखीव उघडायला माझ्याकडे किती वेळ असतो?" शिक्षक म्हणतो, "उरलेलं सगळं आयुष्य." हा त्या जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध विनोद. आता हिशेब करा. तीन हजार फुटांवर, स्थिर वेगाने पडत असताना, काहीच उघडलं नाही तर जमीन साधारण सतरा सेकंदांवर असते. सतरा सेकंद म्हणजे थिजून बसायला फार कमी, पण दोन मुठी योग्य क्रमाने ओढायला पुरेसे. तो विनोद दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगतो: घाबरून चुकीची मूठ ओढू नकोस, आणि जमीन येईपर्यंत प्रयत्न सोडू नकोस. तासभराच्या व्याख्यानातलं सगळं विसरलं तरी हे वाक्य डोक्यात राहतं. शिकवण्याचं याहून प्रामाणिक साधन मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांचं एक गाणं आहे, एका सुप्रसिद्ध जोशपूर्ण संचलनगीताच्या चालीवर रचलेलं. त्यात पहिल्यांदाच उडी मारणारा एक पोरगा मरतो आणि त्याच्या देहाचं काय होतं याचं वर्णन अंगावर येईल इतकं उघडंनागडं आहे. सैनिक ते मोठ्याने, टाळ्या वाजवत म्हणायचे. त्या पोराच्या मरणाचं कारणही गाण्यात दिलेलं आहे: पॅराशूट आपोआप खेचून उघडणारा पट्टा त्याने विमानातल्या तारेला अडकवलेलाच नव्हता. शेकडो तरुण रोज जी चूक करू शकत होते तीच चूक चाल लावून त्यांच्या तोंडी बसवली गेली.

बिल बूथ यांच्या नावानेही एक नियम सांगितला जातो. साधनं जितकी सुरक्षित होत जातील, तितका जास्त धोका स्कायडायव्हर पत्करत जातील, आणि मृत्यूंचं प्रमाण जिथल्या तिथे राहील. तीन कड्यांची रचना करणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य असणं मला फार अस्वस्थ करतं. आकडे पुढे घटले, म्हणजे नियम शब्दशः खरा ठरला नाही. तरी धडधाकट पॅराशूटखाली मरणारी माणसं पाहिली की त्यातली वेदना कळते. राखीव पॅराशूट आणि यंत्राने जुनी मरणं अडवली, माणसाने लहान आणि वेगवान पॅराशूटं घेऊन नवी शोधली.

आणि खरोखर कुणी गेलं की? तेव्हा हीच माणसं एकमेकांना लिहितात, 'निळं आकाश, काळा मृत्यू'. हा त्यांचा निरोपाचा संकेत आहे. एरवी 'निळं आकाश' हा त्यांचा रोजचा नमस्कार. मृत्यूच्या वेळी त्याला दुसरा अर्धा भाग जोडला जातो. अनेकदा गेलेल्या मित्राची राख घेऊन काही जण विमानात बसतात आणि हवेत पडता पडता ती सोडून देतात. मरणाचे सगळ्यात काळे विनोद करणारे आणि असा निरोप देणारे लोक तेच असतात, यात मला विसंगती दिसत नाही.

हसू येतं तरी का

फ्रॉइडने १९२७ मध्ये विनोदावर लिहिताना एक उदाहरण दिलं होतं. सोमवारी सकाळी फाशी देण्यासाठी नेला जाणारा कैदी म्हणतो, "वा, आठवड्याची सुरुवात तर छान झाली!" फ्रॉइडचं म्हणणं असं, की परिस्थितीने माणसाला पुरतं हरवलेलं असताना मन क्षणभर हार मानायला नकार देतं, तो नकार म्हणजे हा विनोद. हे वाक्य कैदी बोलतोय हे विसरू नका. तेच वाक्य जल्लाद बोलला तर ऐकणाऱ्याचं रक्त गोठेल.

अलीकडच्या काळात पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये एक सोपी कल्पना मांडली. एखादी गोष्ट आपल्याला चुकीची, धोक्याची किंवा मर्यादा ओलांडणारी वाटली, आणि त्याच क्षणी ती निरुपद्रवीही वाटली, तर हसू येतं. नुसता धोका असेल तर भीती वाटते, नुसती निरुपद्रवी असेल तर कंटाळा येतो. गुदगुल्यांचं तसंच आहे: ओळखीच्या माणसाने केल्या तर हसू, अनोळखी माणसाने केल्या तर किंकाळी.

मग एखादी दुर्घटना 'निरुपद्रवी' कधी वाटू लागते? अंतर पडलं की. हे अंतर काळाचं असतं, नात्याचं असतं, किंवा घटना खरी आहे की कल्पित याचं असतं. मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत आलेल्या सँडी चक्रीवादळाच्या वेळी हे मोजून पाहिलं. वादळावरचे तेच ते विनोद त्यांनी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांना दाखवले. नुकसान समोर आल्यावर ते कुणालाच फारसे गमतीचे वाटेनात. वादळानंतर साधारण पंधराव्या दिवशी सर्वांत कमी, छत्तिसाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त, आणि नव्व्याण्णवाव्या दिवसापर्यंत त्यातली धार पुन्हा गेलेली. फार जवळ असताना दुखतं, फार लांब गेल्यावर त्याचं काही वाटेनासं होतं.

या संशोधनातून माझ्या दृष्टीने निघणारी गोष्ट म्हणजे अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. तुमच्यासाठी छत्तिसावा दिवस उजाडलेला असेल, गेलेल्याच्या आईसाठी कदाचित तो कधीच उजाडणार नाही. अनोळखी अपघाताची बातमी वाचताना आपल्याला ते अंतर आयतंच मिळालेलं असतं, आणि म्हणूनच पहिल्या पाच मिनिटांत विनोद सुचतो. सुचण्यात दोष नाही. ते अंतर सगळ्यांनाच मिळालंय असं धरून चालणं, इथून गडबड सुरू होते. हे इंटरनेटमुळेच झालं असंही नाही; जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयान सात जणांसह नष्ट झालं, तेव्हा त्यावरचे विनोद काही आठवड्यांतच तोंडातोंडी अमेरिकाभर पोचले होते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ते गोळा केले, त्यावर लेख लिहिले. फक्त तेव्हा ते घरच्यांच्या हातातल्या फोनवर येऊन आदळत नव्हते.

मूर्ख ठरवण्याची घाई

बाहेरून येणाऱ्या विनोदांचा एक ठरलेला साचा आहे: मेलेला मूर्ख होता. 'डार्विन अवॉर्ड्स' नावाचा प्रकार १९८०च्या दशकात याच कल्पनेवर सुरू झाला. मूर्खपणाने मरून स्वतःची वंशरेषा संपवल्याबद्दल बक्षीस. त्यातला विनोद उभा राहायला एकच अट असते, ती म्हणजे वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की 'मी असं कधीच केलं नसतं'. दोन उदाहरणं जरा सविस्तर घेऊ.

पहिलं फ्रान्झ रायशेल्टचं. पॅरिसमधला हा शिंपी. विमानं नुकतीच उडू लागली होती, वैमानिक मरत होते, आणि त्यांच्यासाठी अंगावर घालता येईल असं पॅराशूट अजून रुळलेलं नव्हतं. रायशेल्टने तसा पोशाख शिवला. ४ फेब्रुवारी १९१२ला आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून, ५७ मीटर उंचीवरून, त्याने तो घालून उडी मारली आणि तो जागीच गेला. पोलिसांची परवानगी बाहुला टाकून पाहण्यासाठी होती. आयत्या वेळी तो स्वतः चढला. मित्रांनी अडवायचा प्रयत्न केला. हे सगळं चित्रित झालं आणि ती फीत आजही लोक हसत हसत पाहतात. कठड्यावर उभा राहून तो चाळीसएक सेकंद घुटमळतो. त्या घुटमळण्यावरही विनोद होतात. मला ती फीत पाहताना हसू येत नाही. भीती वाटत असतानाही माघार घेता न येणारा माणूस दिसतो.

बरोबर दोन दिवस आधी, २ फेब्रुवारी १९१२ला, न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक रॉडमन लॉ नावाच्या माणसाने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या मशालीपासून पॅराशूट घेऊन उडी मारली होती. तो जगला. त्याच वर्षी १ मार्चला अल्बर्ट बेरी अमेरिकेत उडत्या विमानातून पॅराशूटने उतरला; त्याचं नाव इतिहासात सन्मानाने घेतलं जातं. रायशेल्टची रचना सदोष होती आणि उंची अपुरी होती, हे खरंच. पण त्या आठवड्यातल्या दोन उड्यांपैकी धाडस कुठलं आणि वेडेपणा कुठला, हे आपण निकाल पाहून ठरवतो.

याला पश्चातबुद्धीचा दोष म्हणता येईल. बारुख फिशहॉफ या संशोधकाने १९७५ मध्ये लोकांना एका जुन्या युद्धाची, ब्रिटिश आणि गुरखे यांच्यातल्या लढाईची, हकिकत वाचायला दिली. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला. आपल्याला सांगितलेला शेवट होण्याचीच शक्यता आधीपासून जास्त होती, असं त्या त्या गटाला वाटू लागलं. अपघाताची बातमी वाचताना आपलं असंच होतं. शेवट माहीत असतो, म्हणून प्रत्येक पायरी उघड चूक वाटते.

दुसरं उदाहरण १९८८चं, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं. आठशेहून जास्त उड्यांचा अनुभव असलेला एक स्कायडायव्हर, शिक्षक आणि विद्यार्थी यांचं हवेत चित्रण करायला त्यांच्याबरोबर उडाला. त्याच्या पाठीवर पॅराशूट नव्हतं. तो विसरला होता. हा माणूस सार्वजनिक जीवनातला नव्हता, म्हणून त्याचं नाव इथे घेत नाही. इतरांनी ते पुरेसं घेतलं आहे.

'पॅराशूट विसरला' हे तीन सेकंदांत सांगून हसता येतं. आता तो कसा विसरला असेल हे पाहा. तेव्हाची व्हिडिओ यंत्रणा जड असायची. कॅमेरा डोक्यावर, रेकॉर्डर अंगावर बांधलेला. पट्ट्यांचा तो दाब आणि वजन पॅराशूटसारखंच वाटलं असावं, असा तर्क तेव्हा मांडला गेला. त्या दिवसातली ही त्याची पहिली उडी नव्हती, आणि सगळं लक्ष चित्रीकरणाकडे. अनुभवी असल्यामुळे त्याला कुणी तपासलं नाही. विमानात बसलेल्या कुणालाच त्याच्या पाठीवर काय नाही ते दिसलं नाही. इथे 'मूर्ख' म्हणून काहीच समजत नाही. हजार वेळा केलेली कृती हात आपोआप करतात, आणि ज्या दिवशी त्यात एक नवी वस्तू येते त्या दिवशी हात फसतात, हे समजलं तर उपयोग आहे. विमानात चढण्यापूर्वी आणि उडीपूर्वी एकमेकांची साधनं तपासायची सवय याच जाणिवेवर उभी आहे, आणि ती अनुभवी माणसालाही लागू असते. खरं तर त्यालाच जास्त.

मग आपण मूर्ख ठरवायची इतकी घाई का करतो? मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांचा १९६६चा एक प्रयोग आहे. सहभागी लोकांसमोर एका व्यक्तीला चुकीच्या उत्तरांसाठी विजेचे धक्के बसताना दाखवलं. प्रत्यक्षात ते नाटक होतं. ज्यांना हे थांबवणं शक्य नव्हतं ते हळूहळू त्या सोसणाऱ्या व्यक्तीलाच नावं ठेवू लागले. लर्नर यांच्या मते, जगात न्याय आहे आणि ज्याचं त्याला मिळतं, हा विश्वास माणसाला इतका हवा असतो की तो टिकवायला तो पीडितालाच दोषी धरतो. 'मूर्ख होता म्हणून मेला' या वाक्यात एक दिलासा दडलेला आहे: मी मूर्ख नाही, म्हणजे मी मरणार नाही. भीतीपोटी केलेलं हे विधान मला समजतं. पण त्याची किंमत मेलेल्याच्या घरचे मोजतात, आणि पुढे तीच चूक करणारा मोजतो.

कोण ऐकतंय

कॅटी वॉटसन या अमेरिकी अभ्यासिकेने २०११ मध्ये वैद्यकीय क्षेत्रातल्या काळ्या विनोदावर लिहिताना एक हकिकत सांगितली होती. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी पिझ्झा मागवला. तो आणणाऱ्या मुलाला रुग्णालयाबाहेरच गोळी घालण्यात आली. त्याच डॉक्टरांनी त्याला वाचवायची शर्थ केली, तो वाचला नाही. नंतर तो पिझ्झा त्यांना सापडला, आणि ते खात असताना एकाने विचारलं, याला टिप किती द्यायची?

वाचून धक्का बसतो, बसायलाच हवा. वॉटसन मात्र त्या डॉक्टरांना झटकून टाकत नाहीत. त्यांना पुढच्या रुग्णाकडे जायचं होतं, हात थरथरून चालणार नव्हतं. विनोद बंद दाराआड, त्या मुलासाठी झगडलेल्या माणसांतच झाला. मला वाटतं, हा विनोद क्षम्य ठरतो तो या दोन गोष्टींमुळे: बोलणाऱ्याने त्या मृत्यूचं ओझं उचललेलं होतं, आणि ज्याला तो लागला असता तो तिथे नव्हता. तीच ओळ त्यांनी मुलाच्या वडिलांच्या कानावर पडू दिली असती, तर समर्थनाला काही उरलं नसतं.

ड्रॉप झोनवरही हेच चालतं. विमानाची वाट पाहत बसलेले लोक भयंकर काही बोलत असतात आणि गेलेल्याची बहीण दारात दिसली की सगळे गप्प होतात. कुणी त्यांना नियम सांगितलेला नसतो. फोनच्या पडद्यावर मात्र दारच नसतं. तिथे टाकलेला विनोद मित्र, शत्रू, बहीण आणि दहा वर्षांनी वडिलांचं नाव शोधणारं लेकरू, सगळ्यांना सारखाच दिसतो. पडतानाच्या चित्रफितीवर गाणं चढवून ती पसरवणारे आणि त्यावर पैसे कमावणारे तर मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात. त्यांच्यासाठी माझ्याकडे कसलीही सबब नाही. अशी फीत तुमच्याकडे आली तर पुढे धाडू नका, जिथे आली तिथे तक्रार करा. घरच्यांना बातमी पोचण्याआधी फीत पोचू शकते, एवढं एक कारण पुरेसं आहे.

म्हणजे गप्प बसायचं का? मुळीच नाही. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचं मासिक वर्षानुवर्षं अपघातांचे वृत्तान्त छापतं. त्यात नाव नसतं. वय असतं, किती उड्यांचा अनुभव होता ते असतं, हवा कशी होती, पॅराशूट किती मोठं होतं, उंची किती असताना काय केलं आणि त्याऐवजी काय करता आलं असतं, हे सगळं कोरड्या शब्दांत मांडलेलं असतं. चूक लपवलेली नसते. दारू प्यायला होता तर तसं लिहितात, राखीव आपोआप उघडणारं यंत्र सुरू केलं नव्हतं तर तेही. वाचणाऱ्याला माणसाची कीव करावी लागत नाही आणि त्याच्यावर हसावंही लागत नाही. आदराची मला माहीत असलेली सर्वांत पक्की रीत हीच. 'फार चांगला माणूस होता' एवढं म्हणून कारणाकडे पाठ फिरवणारी हळहळ मला तिच्यापुढे अपुरी वाटते, कारण पुढच्या उडीला तिचा काहीच उपयोग होत नाही.

एक अवघड प्रकार राहतो. स्कायडायव्हरांतले काही जण जिवंतपणीच सांगून ठेवतात की मी असा गेलो तर रडू नका, माझ्यावर विनोद करा. मित्र ते पाळतातही. त्याच्या फसलेल्या उतरणीच्या गोष्टी सांगतात, त्याने स्वतःच्याच मरणावर केलेले विनोद पुन्हा म्हणतात, हसता हसता रडतात. त्या हसण्यात तो माणूस अख्खा असतो, त्याच्या खोड्या, त्याचा हट्ट, त्याचा फाजील आत्मविश्वास, सगळ्यासकट. घरचे तिथे असतील आणि त्यांना ते नको असेल, तर मी मित्रांना सांगेन की आज थांबा, हे तुमच्या बैठकीत करा. मेलेल्याने परवानगी दिली होती हे खरं, पण ऐकणारे जिवंत आहेत. आणि त्याला कधी न भेटलेल्या माणसाने तीच परवानगी पुढे करून विनोद केला, तर मी त्याला एवढंच विचारेन की तो नेमका कशामुळे गेला, हे तुला ठाऊक आहे का.